मीठ धुणारी अराबा

माझी बहीण अराबा गेली त्याला परवा पाच आठवडे झाले. तिच्या खोलीत कपाटावर एक काचेची बरणी आहे, त्यात साबुदाण्याएवढे खडे. कोरडे असले की निळे, हवेतलं पाणी पिऊन पोट भरलं की गुलाबी. दर शनिवारी ती ते तव्यावर भाजून परत निळे करायची. काल बघितलं तर सगळे गुलाबी. मी भाजले, पण तिच्यासारखे झाले नाहीत, थोडे करपलेच.

चर्चमध्ये तिच्याबद्दल जे वाचलं ते पाद्रीबाबांनी लिहिलेलं होतं. जन्म, बाप्तिस्मा, नोकरी, निवृत्ती, सगळं बरोबर होतं. पण हसायला काहीच नव्हतं. अराबाबद्दल बोलायचं आणि हसायचं नाही असं कसं चालेल? म्हणून राहिलेलं मी सांगतो.

आमचं घर एल्मिनाच्या खाडीला लागून, मिठागरात. आजीचे वाफे होते, मग आईचे झाले, आता माझे. आम्ही दोघं भावंडं मंगळवारची, म्हणून ती अराबा आणि मी ईबो. मंगळवारी आमच्याकडे कुणी समुद्रात होडी घालत नाही. आई म्हणायची, हातात मासळी नव्हती त्याच दिवशी बरोबर आलात दोघं. अराबा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, मी तिला सिस्टर म्हणायचो. मी शाळा चौथीत सोडली, ती सातवीत.

चोविसाव्या वर्षी तिला केप कोस्टच्या रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत झाडूपोछ्याची नोकरी लागली. तिथे काय काय तपासायला यायचं. तेल, औषधाच्या गोळ्या, रंग, पेट्रोल, साबण. वरचे साहेब डॉक्टर एसिल्फी, तेव्हा तरुण होते, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बडबड इतकी की पोपट गप्प बसेल.

नोकरीचा तिसरा दिवस. डॉक्टरांच्या टेबलावर तिला दोन गोल काचा दिसल्या, बिस्किटाएवढ्या जाड, तेलाने माखलेल्या. आता एल्मिनाची बाई तेलकट काच बघून पुढे जाईल का? तिने गरम पाणी घेतलं, साबण घेतला, काथ्या घेतला आणि घासायला बसली. घासता घासता काच हातात पातळ व्हायला लागली. तिला वाटलं, साबणाचा फेस आहे, धुतला की मूळची जाडी दिसेल. म्हणून आणखी धुतली. शेवटी एक पापडासारखी उरली आणि दुसरी मोरीतून गेली. उरलेली तिने फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवली आणि प्रार्थना करत उभी राहिली.

डॉक्टर आले. त्यांनी तो पापड उचलला, उजेडात धरला आणि तिच्यापुढे केला. मग म्हणाले, "चाट."

तिने जीभ लावली.

"काय आहे?"

"मीठ," अराबा म्हणाली. आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घर कुठे तुझं?"

"एल्मिनाला. मिठागरात."

डॉक्टर खुर्चीत बसले आणि हसायला लागले ते थांबेचनात, चष्मा पडला तरी थांबेनात. मिठाच्या पोटी जन्मलेली पोर, आणि मीठ साबणाने धुते. त्या चकत्या बोटीने आल्या होत्या, नव्या यायला वर्ष जाणार होतं. दुसरा कुणी असता तर त्याने त्याच दिवशी तिला हाकललं असतं. पण हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, पावसाळ्यात तुझी आई मीठ कोरडं कसं ठेवते? तिने सांगितलं. टोपली चुलीच्या वर टांगायची, खाली कोळशाचा थर द्यायचा, सकाळचं दव उतरेपर्यंत झाकण उघडायचं नाही, आणि ओल्या हाताची बाई जवळ येऊ द्यायची नाही. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून झाडू दुसरं कुणीतरी मारेल, तू माझं मीठ सांभाळ.

तिथून पुढे छत्तीस वर्षं तिने मीठच सांभाळलं. मीठ धुतल्याची हकीकत मात्र बाजारात आधी पोचली. आमच्या बाजारात रविवारी ओमो तुओ मिळतात, भाताचे मऊ गोळे, शेंगदाण्याच्या रश्शात. ते विकणाऱ्या सहा बायका, त्यात सगळ्यात नावाजलेली मान्सा. तिचे गोळे कसे, तर चकचकीत, वाटीला चिकटत नाहीत, रश्शात सुटत नाहीत. आणि तिची जीभ तशीच, कुणालाच सोडत नाही. तिने अराबाला बाजाराच्या मधोमध हाक मारली, "काय गं मीठ धुणारे, आज काय धुतलंस, साखर?" झालं. त्या दिवसापासून अराबाचं नाव तेच.

मी एकदा वाफ्याच्या बांधावर बसून तिला विचारलं, सिस्टर, एवढं मिठाचं काय आहे त्यात? काचेने का होत नाही?

ती म्हणाली, तिथे एक उजेड आहे, डोळ्यांना दिसत नाही, भट्टीच्या भिंतीजवळ उभं राहिलं की अंगाला ऊब लागते ना, तसा. काच त्याला अडवते. मीठ पलीकडे जाऊ देतं.

मग मला कळेना म्हणून तिने आमच्या असाफोचं सांगितलं. आमच्या गावात प्रत्येक आळीची आपली असाफो टोळी, आपला झेंडा, आपल्या ढोलाचा ठेका.

"सणाला चौकात हजार माणसं बसलीत," ती म्हणाली. "दोन नंबरच्या टोळीचा ठेका वाजला. कोण उठलं?"

"दोन नंबरवाले."

"आणि बाकीचे?"

"बसून शेंगा खातात."

"मग तुला तोंडं न बघताही कळलं ना चौकात कोण कोण आलंय? तसंच आहे ते. मशीन एकामागून एक सगळे ठेके वाजवतं. तेलाला तेलाचा ठेका कळतो, भाताला भाताचा. जो उठून नाचतो तो तेवढा उजेड पिऊन टाकतो, आणि कागदावर रेघ तिथे खड्ड्यात पडते. मिठाला यातला एकही ठेका कळत नाही. ते गप्प बसतं आणि दुसऱ्याचं ऐकू देतं."

"आणि पाणी?"

"पाण्याला नाचायचा सोस. जरा शिरलं की अर्धा चौक अडवतं, मग मागचा कोण उठला ते दिसतच नाही. म्हणून मी सगळ्यांवर ओरडते."

तिचं काम असं. तपासायची वस्तू चिमटीच्या टोकावर मावेल एवढी, आणि तिच्या शंभरपट एक पांढरं मीठ, आपलं जेवणातलं नव्हे, त्याचा भाऊ. दोन्ही एकत्र एका छोट्या दगडी खलात घोटायचं, खल इतका लहान की बाहुलीचा वाटावा. घोटताना करकर आवाज येतो तोपर्यंत घोटायचं, आवाज गेला की थांबायचं. मग दाबयंत्रात घालून दांडा ओढायचा, आणि नाण्याएवढी चकती बाहेर काढायची. चकतीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. धुरकट आली की फेकून परत. तिची चकती अशी स्वच्छ यायची की अक्राहून फोन यायचे, तुमच्याकडे चकत्या कोण करतं म्हणून. डॉक्टर सांगायचे, आमच्याकडे एक बाई आहे, तिने एकदा मीठ धुतलं होतं.

एक गंमत सांगतो, ती पुढे लागेल. एकदा उत्तरेकडून शियाच्या झाडाच्या बियांचं लोणी विकणारा आला, मोठमोठे गोळे घेऊन. बायका म्हणाल्या, हे अंगाला लावलं की ओघळतच नाही. तपासलं तर अर्धी मेणबत्ती निघाली. अराबाने मला कागद दाखवला होता. लोण्याच्या रेघेत तीन टोकदार खड्डे, दोन जवळजवळ आणि तिसरा लांब. मेणाच्या रेघेत जवळजवळचे दोन दिसतात, लांबचा तिसरा नाही. ती म्हणायची, तीन दात असले तर खायचं, दोनच असले तर जाळायचं.

आता मान्साचं. नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, जूनचा महिना, पाऊस मी म्हणतोय. फोनवर सगळीकडे एकच फिरत होतं, परदेशातून प्लास्टिकचा तांदूळ आलाय. आणि आमच्या बाजारात क्वेकू नावाच्या टॅक्सीवाल्याने काय करावं, तर मान्साचा एक गोळा घेऊन सिमेंटवर आपटला. गोळा उडाला. चांगला गुडघ्याएवढा उडाला. कुणीतरी ते फोनवर घेतलं आणि दुपारपर्यंत तो गोळा पार ताकोराडीपर्यंत उडत गेला.

आमच्या बाजारातल्या बायकांची एक मुखिया असते, तिला सगळे राणी म्हणतात, आणि तिचा शब्द शेवटचा. राणीने मान्साला विचारलं, गोळ्यात काय घालतेस? मान्साने बायबलवर हात ठेवून सांगितलं, तांदूळ, पाणी, मीठ, चौथं काही नाही. राणी म्हणाली, मग प्रयोगशाळेचा कागद आण. पुढच्या रविवारी दहाच्या आत कागद आला नाही किंवा वाईट आला, तर तुझं बाकडं दुसरीला. मान्साचं ते बाकडं तिच्या आईचं. त्याच्यावर तिने चार पोरं वाढवली होती. आणि कागद मागायला जायचं कुणाकडे, तर मीठ धुणारीकडे.

मान्सा आली नाही. राणीनेच तिच्या बाकड्यावरचे दोन गोळे आणि पोत्यातला मूठभर तांदूळ बांधून पाठवला.

आठवडाभर वीज नव्हती, आणि पाऊस असा की आमच्या वाफ्यांत गुडघाभर पाणी. प्रयोगशाळेत एक लहान जनरेटर होता, तो मशीन ओढायचा, पण मीठ सुकवायची भट्टी ओढायची त्याची ताकद नव्हती. अराबाने शुक्रवारी चकती केली, धुरकट आली. परत केली, परत धुरकट. रेघेवर पाण्याचा हा मोठा खड्डा. डॉक्टर म्हणाले, भातात स्वतःचंही पाणी असतं, सुकवलं तरी न जाणारं, प्लास्टिकमध्ये ते नसतं, सगळा निवाडा त्याच खड्ड्यावर आहे. ओलं मीठ वापरलं तर खड्डा भाताने पाडला की मिठाने, हे देवालाच ठाऊक.

शनिवारी सकाळी ती माझ्याकडे आली. मिठाची पोती वाहायची माझी जुनी गाडी आहे. तिने मला सरळ बेकरीवर न्यायला लावलं. आमच्याकडच्या मातीच्या भट्ट्या, पाव काढले तरी दुपारपर्यंत तापलेल्या असतात. बेकरीवाली म्हणाली, माझ्या भट्टीत प्लास्टिक घालायचं नाही हां. अराबा म्हणाली, प्लास्टिक असेल तर मीच खाईन. तिने मिठाचा डबा ठेवला, खल ठेवला, गोळ्याचा वरचा पापुद्रा खरवडून एका बशीत तोही सुकायला ठेवला. आम्ही दोघं दारात बसून गरम पाव खाल्ले. सुकलेलं सगळं तिने निळ्या खड्यांच्या डब्यात बंद केलं, डबा बाळ बांधावं तसा पाठीला कापडाने बांधला, आणि आम्ही परत निघालो.

प्रयोगशाळेत गेल्यावर तिने खिडक्या लावल्या आणि सगळ्यांना तोंडं बंद करायला सांगितली. "श्वास म्हणजे पाणी," ती म्हणाली. डॉक्टर एसिल्फी तोंडावर हात धरून अर्धा तास उभे राहिले. मी त्यांना इतका वेळ गप्प कधीच पाहिलं नव्हतं. चकती निघाली. तिच्यातून मला भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचता आले.

मशीनने रेघ काढली. तिथे फीफी म्हणून नवा शिकलेला मुलगा नोकरीला होता, हुशार, पण घाईचा. त्याने रेघ बघितली आणि त्याचा चेहरा पडला.

"आंटी, दोन दात. प्लास्टिकच्या पिशवीला हेच दोन दात असतात."

मीही वाकून बघितलं. पाण्याचा खड्डा होता, भाताचा खालचा मोठा खड्डाही होता, पण ते दोन दात स्पष्ट होते, मलासुद्धा दिसले. फीफी म्हणाला, भातात थोडं प्लास्टिक मिसळलं असेल.

अराबाने कागद खिडकीशी धरला आणि बोट लावलं. "आणि हा लांबचा तिसरा कुठून आला रे, बाळा? डॉक्टर, मेणबत्तीचं लोणी आठवतं?"

डॉक्टरांनी तोंडावरचा हात काढला. "तेल," ते म्हणाले.

"पण तिने बायबलवर हात ठेवून सांगितलंय तेल नाही म्हणून," फीफी म्हणाला. "मग एक तर ती खोटं बोलते, नाहीतर मशीन."

तेही खरंच होतं. आम्ही तसेच मान्साच्या घरी गेलो. ती मोठं पातेलं घासत बसली होती, उद्या विकता येईल की नाही माहीत नसताना. आमच्याकडे तिने मानसुद्धा वर केली नाही.

"मान्सा, हाताला काय लावतेस?" अराबाने विचारलं.

"घाम."

"रेघेत तेल दिसतंय. गोळ्याच्या आत घातलं नसशील, म्हणून शपथ खोटी नाही. वळताना हाताला लावतेस. काय ते सांग."

मान्साने घासायचं थांबवलं. वीस वर्षं बाजारातल्या पाच बायका तेवढंच शोधत होत्या. कुणी तिच्या चुलीमागे लपल्या होत्या, कुणी तिच्या सुनेला फितवलं होतं. सांगितलं की बाकडं राहील आणि गिऱ्हाईक जाईल, असं तिला वाटत होतं.

"मला एकटीला सांग," अराबा म्हणाली. "कागदावर 'खायचं तेल' एवढंच येईल."

"आणि तू बाजारात सांगितलंस तर? मी तुला एवढी वर्षं मीठ धुणारी म्हणते."

"ते खरं आहे म्हणून म्हणतेस. मी धुतलंच होतं."

मान्साने हात पुसले. मग तिने मला बाहेर काढलं, दार लावलं. मी पावसात उभा. थोड्या वेळाने आतून दोघींचं हसणं ऐकू आलं, असं हसणं की शेजारची कोंबडी खुराड्यातून बाहेर आली. अराबा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात औषधाची छोटी बाटली होती, डोळे पुसत होती, आणि मला एक शब्द सांगितला नाही.

प्रयोगशाळेत परत आल्यावर त्या बाटलीतला एक थेंब तिने दोन मिठाच्या चकत्यांमध्ये दाबला. रेघ निघाली, तीन दात. मग पोत्यातला कच्चा तांदूळ घोटून चकती केली. पाण्याचा खड्डा, भाताचा खड्डा, आणि दात एकही नाही. फीफीने स्वतः हे दोन कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले आणि गोळ्याच्या कागदाशी ताडून पाहिले. तेल अधिक भात, बरोबर गोळा. प्लास्टिकचा मागमूस नाही. फीफीने कान पकडले. डॉक्टरांनी सही केली.

रविवारी साडेनऊला राणीने बाकड्यावर उभं राहून कागद वाचला. शुद्ध तांदूळ, वरून खायचं तेल. राणीने विचारलं, कुठलं तेल? पाची बायकांचे कान लांब झाले. अराबा म्हणाली, मशीनने खायचं सांगितलं, मी पुढे विचारलं नाही. मग राणीने हुकूम सोडला की क्वेकूने सगळ्यांसमोर चार गोळे खायचे. त्याने खाल्ले, आणि पाचवा मागितला. त्या दिवशी मान्साचं पातेलं अकरालाच रिकामं झालं. अराबाला तिने पहिली वाटी दिली आणि म्हणाली, "घे मीठ धुणारे, वाटी धुऊन परत दे."

नऊ वर्षं गेली. मी तिला किती वेळा विचारलं, भाऊ म्हणून विचारलं, ताप आला होता तेव्हा तिच्या उशाशी बसून विचारलं. ती म्हणायची, मीठ गप्प बसतं.

आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी चर्चनंतर आम्ही सगळे पांढरे कपडे घालून अंगणात बसलो होतो. जेवण मान्साचं, दोन मोठी पातेली ओमो तुओ, कुणी न सांगता घेऊन आली होती. वाढायच्या आधी तिने पाद्रीबाबांच्या हातातून माईक घेतला. आता ती सत्तरीची आहे, पण आवाज तोच.

"या मीठ धुणारीने माझी एक गोष्ट नऊ वर्षं पोटात ठेवली," ती म्हणाली. "ती घेऊन गेली, आता मी एकटी किती दिवस सांभाळू. ऐका. मी हाताला ताडाच्या बीचं तेल लावते. बाळांच्या अंगाला चोळता ना, तेच. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, मान्सा गोळ्यांना न्हाऊ घालते."

सगळ्यांनी पातेल्यांकडे बघितलं. मग क्वेकू आपल्या पोटाकडे बघत म्हणाला, "तरीच माझी कातडी अशी मऊ." आणि जे हसणं उठलं, ते हसणं. आमची म्हातारी मावशी खुर्चीतून घसरली. डॉक्टर एसिल्फी काठी टेकून बसले होते, त्यांचा चष्मा खाली पडला, पण त्यांना उचलायचं सुचेना. मी उचलून दिला तेव्हा बघितलं, ते हसतही होते आणि रडतही होते. मीपण तेच करत होतो.

काल रविवार होता, मी बाजारात गेलो. सहाही बाकड्यांवर गोळे चकचकीत. सगळ्यांनी तेच तेल आणलेलं. आणि रांग मान्साकडेच. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर तिने वाटी भरली, माझ्याकडे बघितलं, वर आणखी एक गोळा ठेवला आणि म्हणाली, हा तिचा.